खिशाबाहेरचा मोबाईल

शुक्रजंतू कमी दिसतात, औषध घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं डॉक्टरांनी सुदर्शनला नीट समजावून सांगितलं. मोबाईलचं ते जाता जाता बोलले. "पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण दिवसभर पँटच्या खिशात कशाला ठेवायचा? नका ठेवू." सुदर्शनने बाकी सगळं सोडून तेवढंच डोक्यात घेतलं. शेंद्र्याच्या कारखान्यात मशीन चालवणारा गडी तो. बिघाड सापडला की दुरुस्ती आलीच, असा त्याचा हिशोब.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मोनिकाने विचारलं, "मग आत्याबाईंना कवा सांगता?"

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि सुदर्शनची आई सरूबाई सुनेला एका देवाहून दुसऱ्या देवाला पळवत होत्या.

"तीन महिने दम धर. रिपोर्ट चांगला आला की सांगायची गरजच नाय."

"आन तवर उपास मीच करू?"

सुदर्शनने मोबाईल खिशातून काढला आणि मनाशी ठरवलं, आता काहीही होवो, हा परत आत जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो शर्टाच्या खिशात ठेवला, तर म्हशीला पाणी पाजायला वाकताना तो थेट हौदात. दोन दिवस उन्हात वाळवल्यावर एकदाचा सुरू झाला. मग हातात धरायला सुरुवात केली. कंपनीच्या बसमध्ये डुलकी लागली आणि मोबाईल घरंगळत ड्रायव्हरच्या पायाशी गेला. शेवटी त्याने गळ्यात पिशवी अडकवली. सुपरवायझर सोमनाथ सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रे, बालवाडीत नाव घातलं का?"

पण सुदर्शन हटला नाही. त्याने मोबाईल सरळ घरीच ठेवायला सुरुवात केली. सरूबाईंना हिरवं बटण दाबता येत होतं. कानांनी कमी ऐकू यायचं म्हणून त्या स्पीकरही लावायच्या. यात काही धोका आहे हे सुदर्शनच्या लक्षातच आलं नाही.

तीन महिने भरत आले तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी तो फुलंब्रीच्या स्टँडवर उतरला, तर चहाच्या हॉटेलात काहीतरी वेगळंच दिसलं. मोबाईल कायम मागच्या खिशात ठेवणाऱ्या फकिराने तो आज शर्टाच्या खिशात ठेवला होता. अप्परावांनी त्यांचा टोपीत खोवला होता. सांडूने तर मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा दोन बोटांत लांब धरला होता.

"सुदर्शनभाऊ," सांडूने हळूच विचारलं, "वरच्या खिशात चालतो ना?"

सुदर्शन जवळजवळ पळतच घरी पोचला. मोनिका दारातच उभी होती.

"दवाखान्यातून फोन आला व्हता. आत्याबाईंनी स्पीकर लावला. ओट्यावर सत्यभामाकाकू आन लक्ष्मीबाई तूर निवडत बसल्या व्हत्या."

"किती ऐकलं त्यांनी?"

"समदं. तपासणी कशाची, तेबी. मोबाईल खिशात ठेवू नका, तेबी. पुढची तारीखबी."

लाजेने त्याला परत स्टँडवर पळून जावंसं वाटलं. पण मोनिकाचा उपासाने उतरलेला चेहरा समोर होता आणि त्याहून जास्त लाज त्याला त्या चेहऱ्याची वाटली. तो आत गेला. सरूबाई चुलीपुढे होत्या, वडील पुंजाराम बशीत चहा ओतत होते.

"आई, उद्यापासून मोनिकाला कुठं न्यायचं नाय. कमी माझ्यात हाय. चार वर्सं तिला उगंच पळवलं, आन तीन महिन्यामागं कळल्यावरबी मी तोंड शिवून बसलो."

"मोबाईलनं झालं म्हणतेत?" सरूबाईंनी विचारलं.

"व्हय."

"आन तुझ्या बापाला काय झालं व्हतं? लग्नानंतर नऊ वर्सं तू नव्हतास. तवा मोबाईल कुणी बघितला व्हता?"

पुंजारामांची बशी ओठांशीच थांबली. "आगं, आता कशाला ते?"

"आता नाय तर कवा? शहरातल्या डॉक्टरनं यांना औषध दिलं, तवा तू झालास. लोकांनी मात्र नारळ माझ्या नवसाचे फोडले."

मोनिका पुढे आली. "मग आत्याबाई, मला का पळवलं?"

सरूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "मला पळवलं व्हतं म्हणून," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं, पोरी."

तेवढ्यात मोबाईल वाजला. सरूबाईंनी सवयीने हिरवं बटण दाबलं आणि स्पीकर लावला.

"सुदर्शनभाऊ, फकिरा बोलतो," आवाज अगदी कुजबुजता होता. "त्या दवाखान्याचा पत्ता द्या ना. गुपचूप बरं का. घरात कुणाला म्हाईत नाय."

"बायकोलाबी नाय?" सरूबाई ओरडल्या.

पलीकडे फकिरा दचकला. "मावशी, तुमी? नाय, तिला कशाला? तिचे गुरुवार चालू हायेत ना."

"मग असं कर," सरूबाई म्हणाल्या, "आधी तिला खरं सांग, पोटभर जेवू घाल, आन मग फोन कर. पत्ता तवाच देते."