हवालदारमामा आणि नकली बंदुका

हवालदारमामा बंदूकवाल्या माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघत नसत. आधी खांद्याकडे. खांद्यावर काय टांगलंय ते बघायचं, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा. "नक्कल." क्वचित कधी, "अस्सल." मग सवड उरली तर माणूस.

आणि त्या हिवाळ्यात असे खांदे आमच्याकडे मोप झाले होते. सद्दामने कुवेत घेतलं होतं आणि सौदीतल्या दम्माम-खोबरच्या रस्त्यांवर देशोदेशीच्या पलटणी उतरल्या होत्या. मी कंपनीची बस चालवायचो. सकाळी दम्मामबाहेरच्या कॅम्पातून माणसं उचलायची, खोबरच्या वाटेवरच्या वर्कशॉपला सोडायची, संध्याकाळी परत आणायची. मामा वर्कशॉपचे स्टोअरकीपर. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले. माझ्या मागची पहिली खिडकी त्यांची. तिथे दुसरं कोणी बसलं तर ते नुसते उभे राहून त्याच्याकडे बघत. तो आपोआप उठायचा.

"हसन्या, हळू घे. ती बघ, पुढच्या माशीभवती पुरं कडं हाय न्हवं? चिनी!"

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा खुंटा. हे मला त्यांनीच शिकवलं.

"चिनी म्हंजी नक्कल. पर बरी नक्कल. नीट भाजलेली."

इजिप्तच्या शिपायांच्या एके-४७ रायफली त्यांना चिनीहून पसंत. "रशियानं मशिनी दिल्यात त्यास्नी. तवाबी त्यांचा, पीठबी त्यांचंच." इथल्या सौदी शिपायांकडच्या रायफलीचा मूळ नकाशा जर्मनीचा, बनवलेली इथेच. तिच्यावर मात्र ते निकाल राखून ठेवत. "जर्मन मानूस लई घट्ट मळतो. वाळूत जरा ढिलं पायजे. एके का चालती? आत मोकळी असती. वाळूला बसाया जागा ऱ्हाती."

लोखंड भाजणं, मळणं, कच्चं राहणं, करपणं. मला वाटायचं, साताऱ्याकडे बंदुकीबद्दल असंच बोलत असतील. मी दापोलीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. मला काय माहीत?

त्यांची ही पारख बंदुकीवर थांबत नसे. बेअरिंग, टॉर्च, डबाबंद दूध, कोणाची दाढी, सगळं एकदा कानाशी नेऊन हलवून बघितल्यासारखं ते जोखत. आमचे पुण्याचे इंजिनिअर गोडबोलेसाहेब नवीन आले तेव्हा मामांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझ्या कानात म्हणाले, "लायसनवर बनवल्याला हाय. वापरून बघू."

ते गोडबोलेसाहेबांच्या कानावर गेलंच, आणि त्यांनी त्याचा पुढे वचपा काढला. एकदा बसमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "काय हो हवालदार, तुमच्या फौजेतली ती इशापूरची रायफल, तीसुद्धा बेल्जियमच्या नकाशावरूनच ना? म्हणजे नक्कलच की!"

मामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हाय," ते म्हणाले. "नक्कल हाय. पर साहेब, येळेला अडली न्हाई. येळेला अडली न्हाई की मग कुनाची का असंना."

आणि खिडकीबाहेर बघायला लागले. पुढच्या नाक्यापर्यंत एकाही बंदुकीचा निकाल लागला नाही.

या नाक्यांची मला फार भीती. शिपायाने हात केला की माझे तळवे स्टिअरिंगवर घसरायला लागत. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खिशात आहे, बसचे कागद आहेत, सगळं ठाऊक असूनही. ही नोकरी मला माझ्या खालूंनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, इथल्या एका मेहरबान माणसाचे पाय धरून मिळवून दिलेली. रोज सकाळी बसला चावी लावताना मी त्या दोघांचं नाव घ्यायचो. आपल्या हातून काही वावगं होऊन ते वाया जाऊ नये, एवढंच मागणं.

आणि अशात एका सकाळी मामांनी नाक्यावर खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, एका कोवळ्या सौदी शिपायाच्या रायफलीकडे बोट दाखवलं आणि ओरडले, "जैत शुवै! शुवै!"

म्हणजे तेल थोडं. थोडंच.

मी डोळे मिटले. आता बस जप्त, कफीलला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाला, बोलावणं, आपण खलास. उघडले तेव्हा तो शिपाई रायफलीच्या कडेला बोट फिरवून बघत होता. बोटाला तेलात भिजलेल्या वाळूचा चिखल लागला.

"अस्करी?" त्याने मामांना विचारलं. म्हणजे शिपाई आहेस का?

मामांनी बसल्या जागी कडक सलाम ठोकला. तो पोरगा हसत सुटला. त्या दिवसापासून आमची बस दिसली की तो लांबूनच "अस्करी! अस्करी!" ओरडायचा आणि न तपासता सोडायचा. मामा मागे वळून सगळ्या बसला सांगायचे, "वळख ठिवावी लागती."

मग लढाई खरोखर सुरू झाली आणि भोंगे वाजायला लागले. इराकची स्कड क्षेपणास्त्रं. भोंगा झाला की विषारी वायू आत येऊ नये म्हणून आम्ही दाराखाली ओला टॉवेल सारून आतल्या खोलीत गोळा व्हायचो. बिहारचा वेल्डर रामप्रसाद मोठमोठ्याने देवाचं नाव घ्यायचा, मी मनातल्या मनात. दर वेळी माझं एकच ठरायचं: उद्या सकाळी बस ऑफिसकडे वळवायची आणि 'खुरूज' मागायचा. तो शिक्का बसला की माणूस कायमचा घरी. परत यायची वाट बंद. खालूंनी केलेलं सगळं पाण्यात. पण जीव तर राहील.

आणि दर वेळी मामा भिंतीला टेकून म्हणायचे, "नक्कल हाय रं."

"मामा, स्कड आहे ते!"

"मूळचं रशियाचं आसतं तर मीबी भ्यालो आसतो. ह्यांनी ते कापून लांब केलंय, जादा तेल भराया. हसन्या, तू डायवर हाईस. दोन बशी कापून त्याची येक लांबडी बस जोडली, तर वळनावर काय हुईल?"

"मोडेल."

"मग? वरच मोडतंय ते. झोप जा."

आश्चर्य म्हणजे मला झोप यायची. रामप्रसादलाही यायची. "हवालदार बोलता है नकली है," हे सगळ्या कॅम्पात फिरायचं, मल्याळी खोलीतून बंगाली खोलीत. फौजेत बंदुका तपासण्यात हयात घालवलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर शंका कोण काढणार? सकाळी मी ऑफिसचा फाटा सोडून सरळ वर्कशॉपला जायचो.

लढाई संपत आली असं रेडिओ सांगत होता. उत्तरेकडून जळत्या तेलविहिरींचा धूर आकाशात पसरला होता. अशा एका संध्याकाळी, जेवणाच्या वेळेलाच, भोंगा झाला आणि पाठोपाठ असा आवाज आला की भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं. खोबरच्या बाजूला. तासाभराने कळलं. ते वर मोडलं नव्हतं. माणसं गेली होती.

खोलीत कोणी कोणाकडे बघेना. शेवटी रामप्रसाद म्हणाला, "क्या हवालदार? नकली था ना?"

मी बॅग ओढून कपडे भरायला लागलो.

"उद्या खुरूज मागतो मामा. आता नाही थांबत."

ते उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, अपमान वाटला असेल. पण थोड्या वेळाने मेसमधून भांड्यांचा आवाज आला. आमचा आचारी अब्दुल भोंगा ऐकून जो पळाला होता तो अजून आला नव्हता. कोणी जेवलेलं नव्हतं.

मी मेसमध्ये गेलो आणि दारातच थांबलो. मामा कोपरापर्यंत पिठात होते. परातीत कॅम्पभराची कणीक. गोळे तोडत होते ते न बघता, आणि सगळे एका मापाचे. एका हाताने लाटायचं, दुसऱ्याने तव्यावरची उलटायची, पायाने गॅसची टाकी सरकवायची. मी असे हात याआधी फक्त लग्नाच्या पंगतीमागे पाहिले होते.

"मामा, हे कुठे शिकलात?"

"पलटनीत." त्यांनी मान वर केली नाही. "लांगरी हुतो. स्वैपाकी. हत्यारांची खोली लंगराच्या समोर. उस्ताद दुपारचं बंदुका खोलून बसायचे, चिनी, आपली, समदी. मी बटाटं सोलत ऐकायचो."

"आणि ते स्कडचं?"

"रेडिओवर ऐकल्यालं. वर पदरचं मीठ."

त्यांनी एक पोळी फुगवून माझ्या हातावर टाकली.

"गावात सांगितलं न्हाई कवा. फौजी मानूस चपात्या लाटत हुता म्हटल्यावर हसत्यात. रिटायर झालो तर घरात सुना चुलीपाशी येऊ दिनात. बसा म्हनं, मामंजी, तुमी बंदुकीच्या गोष्टी सांगा. मग सांगत बसलो." तव्यावरची उलटत म्हणाले, "भुकेल्या मानसाला झोप येत न्हाई. भ्यालेल्यालाबी येत न्हाई. हितं भाकरी तर अब्दुल करतोय. मग माज्याकडं दुसरं काय हुतं रं, तुमास्नी द्यायला?"

मी पलीकडचा पोळपाट ओढला. माझ्या पोळ्या भारताच्या नकाशासारख्या होत होत्या. ते एकीलाही काही बोलले नाहीत.

सगळे जेवले. रामप्रसाद शेवटी आला, आणि खाली बघत चार रोट्या जास्त खाऊन गेला.

सकाळी बस भरली. मामा आपल्या खिडकीत बसले, पण बाहेर बघेनात. नाक्यावर तो पोरगा "अस्करी!" ओरडला. मामांनी नुसता हात केला. पुढे कुठल्याशा पलटणीचे शिपाई रस्त्याच्या कडेने चालले होते. डावीकडे ऑफिसचा फाटा येत होता. माझी बॅग सीटखाली होती.

मी बस हळू केली.

"मामा," मी म्हणालो, "ती कुठली हो?"

आरशात त्यांचे डोळे माझ्याकडे वळले. मग त्यांनी खिडकीची काच सरकवली आणि डोळे बारीक केले.

"माशी बघ की," ते म्हणाले. "चिनी. नक्कल हाय, पर चालंल."

फाटा मागे गेला. मी गिअर बदलला.