तळेकर मॅडमचा पेशंट

माझी तब्येत ठणठणीत आहे. तरीही मला आजवर न्यूमोनिया झाला, मांडीचं हाड मोडलं, अपेंडिक्स दोनदा काढलं गेलं आणि एकदा तर मी बाळंत होता होता वाचलो. हे सगळं आमच्या बैठकीतल्या दिवाणावर, संध्याकाळचा चहा व्हायच्या आत. शेजारच्या तळेकर मॅडमना शिकवायला पेशंट लागतो, आणि बियाण्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेला, घरी नुसता बसून असलेला माणूस त्यांना आयताच सापडला आहे.

मॅडम जालन्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवतात. इंजेक्शन, सलाईन, पट्ट्या हे सगळं शिकवतातच, पण त्यांचा जीव अडकलाय हँडओव्हरमध्ये. म्हणजे ड्यूटी बदलताना जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला प्रत्येक पेशंटबद्दल जे सांगते ते. "मानूस औषधानं बरा होतो आन् दोन नर्सांच्या मधी हरवतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आमच्याकडं 'बराबर' या एका शब्दावर अख्खा जिल्हा चालतो. एमआयडीसीत पाळी बदलताना एक जण म्हणतो, सगळं बराबर हाये. दुसरा मान हलवतो आणि कामाला लागतो. कॉलेजच्या पोरी वार्डातही तेच करायच्या. म्हणून मॅडमच्या वर्गात हा शब्द बंद आहे. चुकून कुणाच्या तोंडून निघालाच तर मॅडम शांतपणे विचारतात, "ताप बराबर, का लघवी बराबर, का तू बराबर?" 'बेड नंबर चार' म्हटलेलंही चालत नाही. बेडला ताप येत नाही, म्हणतात. उशाशी उभं राहायचं, नाव घ्यायचं, काय केलं, काय राहिलं आणि कशाची काळजी वाटते ते पेशंटच्या देखत सांगायचं. ऐकणारीनं ते परत म्हणून दाखवायचं.

हे कॉलेजपुरतं असतं तर ठीक होतं. पण मॅडम गावाला निघाल्या की आमच्या दारात उभ्या राहून कुंडीतल्या तुळशीचा हँडओव्हर देतात. "कालपासून पानं गाळून राह्यली. सकाळी पाणी दिलंय. माती ओली आसल तर देऊ नका. सांगा परत, वहिनी." माझी बायको, जी माझं एक वाक्य पुरं ऐकून घेत नाही, ती निमूटपणे सगळं परत सांगते. गॅसचं सिलिंडर आणणारा तर त्यांचा जिना चढतानाच सिलिंडरचा हँडओव्हर पाठ म्हणायला लागतो.

या वर्षी मॅडमना रेखा भेटली. टेंभुर्णीची पोर, वडिलांचं पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. हात असा हलका की सुई टोचल्याचं पेशंटला कळत नसे. पण चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की आवाज घशातच राहायचा. वार्डात हँडओव्हर देता आला नाही तर परीक्षेला बसवणार नाही, असं कॉलेजनं सांगितलं. तसं झालं तर शिक्षण पुरे, घरी ये, स्थळ बघतो, असं वडिलांनी सांगितलं. मॅडमनी दोन्ही ऐकलं आणि रेखाला आमच्या दिवाणाशी आणून उभं केलं.

रोज संध्याकाळी मी आजारी पडायचो. रेखा माझ्या उशाशी उभी राहून पायाच्या अंगठ्याकडं बघत पुटपुटायची. मॅडम हळूहळू मागं सरकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायच्या आणि तिथून म्हणायच्या, "मला ऐकू न्हाई आलं. काकांचं काय झालं?" एकदा मला राहवलं नाही, मीच पडल्या पडल्या माझी सगळी हकीकत सांगून टाकली. मॅडम माझ्यावर इतक्या चिडल्या की पुढचे दोन दिवस त्यांनी मला बेशुद्ध ठेवलं. शिकवणी संपली की रेखाला आणि आणखी दोघी-तिघींना त्या आपल्या घरी जेवायला नेत. पोरींवर केवढी माया, असं आम्ही म्हणायचो.

मग मॅडमच्याच पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन झालं, आणि त्यांना ठेवलं त्या वार्डात तेव्हा रेखाची ड्यूटी होती. घरी मॅडम एकट्याच, भाऊ पुण्याला. तो फोनवर चौकशी करून मोकळा झाला. दुपारी ड्यूटी बदलायच्या वेळी त्यांच्याजवळ मी बसलो होतो. इनचार्ज सिस्टर, दुसऱ्या पाळीची सिस्टर आणि रेखा, तिघी उशाशी आल्या. इनचार्ज म्हणाल्या, आज रेखा सांगेल. मॅडमनी डोळे मिटून घेतले. 

रेखा आधी पायाच्या अंगठ्याकडंच बघत राहिली. मग तिनं खाली बघायचं सोडून मॅडमकडं बघितलं आणि सुरू झाली. नाव, ऑपरेशन, जखम कशी आहे, कोणतं औषध दिलंय, कोणतं द्यायचं राहिलंय. दुखत नाही म्हणतात, पण कूस बदलताना चादर मुठीत धरतात, तेव्हा गोळीचं विचारा. आवाज कापत होता, पण ऐकू येत होता. शेवटी ती म्हणाली, "आन् एक काळजी हाये. मॅडम एकट्या जेवत न्हाईत. ताट ठेवून गेलं तर तसंच राहतं. समोर कुणी बसलं तरच जेवत्यात."

मॅडमनी डोळे उघडले. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. तुमच्याकडं जेवायला येत होते तवा बघितलं. आदल्या दिवशी आमी आलो नसलो की कालचं ताट तसंच झाकून ठेवलेलं असायचं."

मॅडम भिंतीकडं वळल्या. घरी आमची आणि त्यांची भिंत एक आहे. इतकी वर्षं पलीकडं एक बाई उपाशी झोपत होती आणि आम्हाला वाटायचं, मॅडम पोरींना जेवू घालतात. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या सिस्टरनं सगळं परत म्हणून दाखवलं, जेवणाचंसुद्धा. इनचार्ज म्हणाल्या, हिचं नाव परीक्षेला पाठवते. रेखाची ड्यूटी संपली होती, पण ती गेली नाही. तिनं स्टूल ओढलं, खिचडीची वाटी मॅडमच्या हातात दिली आणि आपला डबा उघडून समोर बसली.

मॅडमनी दोन घास खाल्ले, पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं न बघता रेखाला म्हणाल्या, "जेवण झालं की बापाला फोन लाव. आन् मोठ्यानं सांग."