ढालोजी कासवाच्या उन्हाची बखर

श्री. देवळात गाभाऱ्यापुढे जे दगडाचे कासव बसले आहे, ज्यास थंडी बाधत नाही, ऊन लागत नाही आणि ज्याची काळजी कोणास करावी लागत नाही, त्यास प्रथम नमन. जिवंत कासवाची गोष्ट निराळी. ती येणेप्रमाणे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, पौष मास. थंडी ऐसी की मुजरा करावयास हात शालीबाहेर निघेना. ते समयी राणीसाहेबांचे धाकटे बहिणीचे बाळंतपण निघाले आणि राणीसाहेब माहेरी जावयास सिद्ध जाहल्या, आणि ढालोजी नामे आपले लाडके पाळीव कासव महाराजांचे हवाली करोन म्हणाल्या, "हौदातून निघोन ढालोजी या शिळेवर शेकावयास बसतो. वर विजेचा दिवा टांगिला आहे. शिळेवर तेहतीस अंश ऊब असावी, कमी नको, जास्त नको. उष्णता मोजावयाचे काचेचे यंत्र शिळेवरच ठेविले आहे. आपण रोज स्वतः हात लावोन पाहावे." महाराज म्हणाले, "येवढेच ना?" राणीसाहेब म्हणाल्या, "येवढेच म्हणोन तर भय वाटते. मागे तुळस सोपविली ती वाळली, राघू सोपविला तो उडाला. दोन्ही वेळी आपण चाकरास सांगितले, चाकराने दुसऱ्यास सांगितले. आता ढालोजीस काही जाहले तर मी आले पावली माहेरी परत जाईन आणि मग आपण चाकरांसवेच संसार करावा." ऐसे बोलोन पालखीत बसल्या. मग घाबरले राजे जे करितात तेच महाराजांनी केले, म्हणजे दरबार भरविला.

मग प्रधान विसाजीपंत शिळेपाशी आले आणि यंत्र पाहोन त्यांनी कपाळास हात लाविला. म्हणाले, "ज्यावरी राणीसाहेबांचा संसार अवलंबोन, ते यंत्र कासवाचे पायाखाली? यांत राज्याची शोभा नाही." या राज्यात मानाचा सोस भारी. लोटा परदेशचा आला तरी त्यास गादी मिळते, मग यंत्राचे काय सांगावे? तेव्हा मखमली गादी आणविली, सिंहासनाचे उजवे हाती मांडिली आणि यंत्र तीवर विराजमान केले. आता सिंहासनाचे उजवे हातीच महाराजांची शेगडी, आणि पौषाचे दिवस, म्हणोन ती रसरसलेली. पंतांनी यंत्र वाचोन सांगितले, "अडतीस." महाराज दचकले. म्हणाले, "ढालोजी भाजेल. दिवा वर घ्या." दिव्याची दोरी सेनापती हैबतरावांचे हाती होती. त्यांनी हातभर ओढिली. पुन्हा वाचिले, अडतीस. मग आणखी ओढिली आणि पुन्हा वाचिले, अडतीसच, आणि मग रोज वाचावे आणि रोज ओढावे, ऐसे करिता करिता दिवा छताच्या तुळईस जाऊन टेकला आणि हैबतराव म्हणाले, "आता महालाचे छप्पर काढावे लागेल." त्याचाही विचार जाहला. जो तो शेगडीकडे सरकोन बसलेला. उठोन महालाचे दुसऱ्या टोकास शिळेपावेतो जाईल कोण?

इकडे ढालोजीने मान आत घेतली ती बाहेर काढीना, पालक हुंगीना, शिळेवर दगडासारखा पडोन राहिला. पंत म्हणाले, "उष्म्याने ग्लानी आली." लागलीच दोन चवरीवाले उभे केले आणि पौषाचे थंडीत त्या गरीब जिवावर वारा घालविला. लिहिताना हात शिवशिवतो, पण प्रधानावर हात टाकावयाची सनद आम्हांस नाही.

मग जासूद आला की राणीसाहेब परवा पोहोचतात. महाराज पहाटेस येकलेच हौदापाशी आले आणि ढालोजीची क्षमा मागावी म्हणोन पाठीवरी हात ठेविला. पाठ गार. शिळेस हात लाविला, ती त्याहून गार. हात लावोन पाहावे म्हणोन बायकोने सांगितले होते, ते आज पहिल्याने केले. महाराज गादीपाशी धावले आणि यंत्र उचलिले. गलबला ऐकोन पंत आणि हैबतराव आले. पंत आडवे होऊन म्हणाले, "महाराज, मानाची जागा." महाराज म्हणाले, "मान घाला त्या शेगडीत." यंत्र शिळेवर ठेविले, तो सतरा अंश. हैबतराव दोरीस हात घालू लागले, त्यांस दूर सारोन महाराजांनी स्वतः दोरी सोडिली आणि घाईने इतकी सोडिली की दिवा शिळेस भिडला, आणि ऊब पाहावयास तळहात टेकिला तो चर्रकन पोळला. यंत्री अठ्ठेचाळीस. मग वीतभर वर घेतला, मग बोटभर खाली, आणि हात टेकीत, फुंकीत, यंत्र वाचीत बसले. दुपारी तेहतीस आले. ढालोजीने प्रथम एक डोळा उघडिला, मग मान काढिली, मग मागले दोन्ही पाय लांब पसरोन ऐसा निवांत शेकत पडला की जणू राज्य त्याचेच. महाराज मुंडासे काढोन तेथेच जमिनीवर बसले आणि रडले. कोणी पाहिले नाही ऐसे लिहावयाची आज्ञा आहे.

दुसरे दिवशी राणीसाहेब आल्या. आपली कपड्यांची पेटी पालखीतच ठेवोन तडक हौदापाशी गेल्या. शिळेस हात लाविला. ढालोजीस पालकाचे पान दाविले, ते त्याने मटकाविले. मग महाराजांचा हात धरोन उलटा केला, तळहातावर रुपयायेवढा फोड. विचारिले, "हे काय?"

महाराज म्हणाले, "अठ्ठेचाळीस."

राणीसाहेबांनी तो हात बराच वेळ सोडिला नाही. मग भोयांस म्हणाल्या, "पेटी उतरवा."

इति वृत्तांत. कासव खाते पिते, दिवा वीतभर उंचीवर, यंत्र कासवापाशी, फोड बरा जाहला. मखमली गादी रिकामी आहे. तीवर काय बसवावे याचा पंत विचार करीत आहेत. अधिकउणे लिहिले गेले असल्यास बोटे गारठली होती ऐसे समजावे, कारण शेगडी आता राणीसाहेबांचे महाली गेली.