धनेशच्या मोज्यांचं कायझेन

कायझेनच्या फॉर्मवर मावणार नाही असा बिघाड जगात नाही, असं धनेश छाती ठोकून सांगायचा. महाळुंग्याच्या कंपनीत तो क्वालिटीला. कायझेन म्हणजे तिथं कामात बारीकशी सुधारणा सुचली की ती फॉर्मवर मांडायची: समस्या, पाच वेळा 'का', उपाय, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. चांगल्या फॉर्मला बक्षीस. हा आजार त्याच्या कुरुळीच्या घरापर्यंत पोचला होता. झारा, उलथनं, लाटणं कुठं टांगायचं, त्यांचे आकार त्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगवून ठेवले होते. त्याची बायको आरोही लाटण्याच्या जागी मुद्दाम फणी अडकवायची.

अशा माणसाला शनिवारी चहाच्या सुट्टीत फोनवर ती बातमी सापडली! नेदरलँडमधल्या शास्त्रज्ञांनी म्हणे जोडप्यांना यंत्राखाली झोपवलं, ऐन प्रणयात मेंदू काय करतो ते बघायला. निम्मीच सुखाच्या टोकाला पोचली. तक्रार काय, तर पाय गारठलेत. शास्त्रज्ञांनी मोजे दिले, आणि शंभरातली ऐंशी पार!

धनेशचा चहा निवला. लग्नाला सहा वर्षं, शिफ्ट दर आठवड्याला फिरती, आणि संसारही त्या चहाइतकाच कोमट. तिथं एवढी वाढ, तीही नुसत्या मोज्यांत! त्यानं बसल्या जागी फॉर्म भरला. समस्या: थंड पाय. उपाय: लोकरी मोजे. आधी ५०, नंतर ८०. 'कुठल्या कामासाठी' हा रकाना तेवढा लाजेनं कोरा सोडला आणि कागद बॅगेतल्या फाइलीत सारला.

रविवारी तो चाकणच्या बाजारातून लोकरी मोजे घेऊन आला. एप्रिल महिना, छपराचा पत्रा तव्यासारखा तापलेला. आरोहीनं मोजे दोन बोटांत धरले, मेलेली पाल धरावी तसे. तेवढ्यात त्याची आई सारजाबाई बाहेर आली.

"मला आनलंस व्हय रं? तळव्याला मुंग्या येत्यात म्हनून परवाच म्हनलं हुतं मी."

आणि तिनं ते तिथल्या तिथं पायात चढवले. आईच्या पायातले मोजे परत मागायचे तर कारण सांगावं लागणार. ट्रायल रद्द!

सोमवारी लाइनवरच्या अजिमनं दोस्तीखातर धनेशच्या फाइलीतले सगळे फॉर्म नेऊन समितीला दिले. समितीनं कोऱ्या रकान्यात आपल्या मनानं 'डिस्पॅच' लिहिलं, कारण तिथली फरशी गार. धनेशला पत्ता लागेपर्यंत डिस्पॅचची साठ माणसं सेफ्टी शूजमध्ये लोकरी मोजे घालून वांग्यासारखी भाजत होती आणि त्याच्या नावानं बोटं मोडत होती. पण पन्नासाचे ऐंशी! एवढी उडी कंपनीत कुणी मारली नव्हती. पहिलं बक्षीस जाहीर झालं. कुटुंबमेळाव्यात, सपत्नीक, स्टेजवर.

धनेशचं अन्नपाणी सुटलं. खरं सांगावं तर अब्रू जाणार. आकडे खोटे ठरले तर क्वालिटीवाल्याची नोकरी जाणार.

मेळाव्यात प्लांटच्या मोठ्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं. "धनेश, हे ऐंशी टक्के मोजले कसे, ते सगळ्यांना जरा सांगा."

दोनशे कुटुंबांनी कान टवकारले. धनेश माइकची वायर सरळ करत राहिला. शेवटी आरोहीनं माइक घेतला.

"सर, घरची ट्रायल सासूबाईंवर झाली. त्यांनाच विचारा."

पहिल्या रांगेतून सारजाबाई उठली आणि तिनं लुगडं वीतभर उचलून मोजे दाखवले. "लई गुण आला बगा. ऐंशी कशाला, शंभर ल्ह्या."

टाळ्या थांबेनात. बक्षीस मिळालं: डझनभर लोकरी मोजे.

आईला कंपनीच्या बसमध्ये बसवून दोघं मोटरसायकलवर निघाले. चाकणच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली, तशी मागून आरोही म्हणाली, "फॉर्म मी शनिवारीच वाचला होता. बॅगेतनं डबा काढताना. मग ती बातमीपण शोधून काढली."

हेल्मेटच्या आत धनेशचे कान तापले.

"ते आधीचे पन्नास कुठनं आणलेत?"

"नेदरलँडचे आहेत."

"तरीच. म्हटलं, आपल्या घरात एवढे कधी होते?"

पुढचा ट्रक हातभर सरकला.

"पाच वेळा 'का' लिहिलंत. एकदा तरी मला विचारलंत? माझे पाय कधीच गार नव्हते. तुम्ही जवळ येऊन रिजेक्ट मालाच्या गोष्टी सांगता, तिथं सगळं गार होतं."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मूळ कारण असं आयतं कधी हाती लागलं नव्हतं. धनेशचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"पेन काढलंत," आरोही म्हणाली, "तर मी इथंच उतरते."