चकचकीत बाजूवरचं स्वस्तिक

दत्तप्रसादांनी संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, झाकणाचे स्क्रू आवळले, बटण दाबलं, आणि पडद्यावरची चिन्हं आमरसाच्या वाट्यांएवढी होऊन समोर आली. रंगही मोजकेच उरले होते, आणि तेसुद्धा जत्रेतल्या फुग्यांचे.

"बिघडला का?" राधाबाईंनी दारातून विचारलं.

"नाही. मोठा झाला," दत्तप्रसाद म्हणाले.

भोसरीच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर ड्रॉइंगं काढली होती. पुढे कारखान्याने त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यातली स्वेच्छा कारखान्याची होती. मग पन्नाशी उलटल्यावर ते पोरांच्या वर्गात बसून संगणकावर ड्रॉइंग शिकले आणि कर्वेनगरच्या घरी टेबल मांडलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या लोणी काळभोरच्या बजरंगरावांची ट्रॉली हे पहिलं काम. जुन्या कार्डावर ट्रॉली फिरवून दाखवताना संगणक अडून बसे, म्हणून नवं आणलं. आज संध्याकाळी बजरंगराव ट्रॉली बघायला यायचे होते. काम हातचं गेलं तर मेव्हण्याची सिक्युरिटी एजन्सी होतीच. "भाऊजी, कधीही या, शिट्टी तयार आहे," असं तो दर दिवाळीला सांगायचा. दत्तप्रसादांना त्या शिट्टीची मनापासून भीती वाटे.

त्यांनी वरच्या मजल्यावरच्या योगेशला बोलावलं. यवतमाळचा हा मुलगा हिंजवडीला नोकरी करायचा, आणि हिंजवडीला जाणाऱ्याला संगणक दुरुस्त करता येतो अशी सोसायटीची ठाम समजूत होती.

"काका, मी टेस्टिंगमध्ये आहो. मी फक्त चुका शोधतो. दुरुस्त दुसरे करतात."

"मग शोध तरी."

"ड्रायव्हर टाकला नाही ना तुम्ही? तो टाकल्याशिवाय संगणकाला हे कार्ड वापरताच येत नाही. सीडी आली असंल सोबत."

सीडी आली होती. योगेशने ती आत सरकवली. संगणक घरघरला, कण्हला आणि गप्प झाला. योगेशने सीडी बाहेर काढून उलटी केली. चकचकीत बाजूवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक होतं आणि मधोमध हळदीचं बोट.

"काकू, हे तुम्ही केलं?"

"अरे, नवी वस्तू घरात आली की पूजा करतात."

"अगं, पण या बाजूला?" दत्तप्रसाद ओरडले.

"त्या बाजूला कंपनीचं नाव छापलंय. नावावर कुंकू फासू? ही बाजू कोरी होती."

सीडी ओल्या फडक्याने पुसावी की कोरड्या, यावर दोघा पुरुषांची चर्चा रंगली. राधाबाईंना मात्र मनातून फार वाईट वाटत होतं. त्यांनी सीडी हळूच स्वयंपाकघरात नेली आणि देवाच्या ताम्हनासारखी चिंच-राखेने घासून आणली. ती लख्ख झाली, पण संगणकाने तिला ओळखच दाखवली नाही.

"आता नेटवरून उतरवून घ्यावा लागंल," योगेश म्हणाला. त्याने टेलिफोनची तार संगणकाला जोडली; नेट चालू असेपर्यंत आता घरचा फोन एंगेज. ड्रायव्हर थेंबथेंब उतरू लागला. मध्येच लाइन तुटे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुपार तशीच गेली. शेवटचा थोडा भाग उरला असताना दारावरची बेल वाजली. बजरंगराव ठरल्या वेळेआधीच आले होते.

"सकाळधरनं फोन लावतोय. सारखा एंगेज! म्हणलं थेट जाऊनच यावं."

राधाबाईंनी चहा ठेवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. दत्तप्रसादांनी त्या फुग्याच्या रंगांतली ट्रॉली उघडली. अर्धी ट्रॉलीच पडदाभर पसरली.

बजरंगराव खुर्चीतून पुढे झुकले. "आरं तिच्या! बोल्टसुदिक दिसतोय की! आन् रंग कसा भडक हाय. ट्रॉली अशीच पायजे, लांबनं वळखू आली पायजे."

तेवढ्यात "झालं काका!" म्हणत योगेशने उत्साहाने ड्रायव्हर टाकून संगणक पुन्हा सुरू केला. आता ट्रॉली अख्खी दिसू लागली, रेखीव, नाजूक छटांची. दत्तप्रसादांनी ती कौतुकाने गोल फिरवून दाखवली.

"ह्ये काय केलं?" बजरंगराव डोळे बारीक करून म्हणाले. "बारकी झाली. रंगबी उडाला. मघाचीच आणा."

"योगेश, काढ तो ड्रायव्हर."

"काका, अख्खा दिवस गेला त्याच्यात! नुसती साइज मोठी करून—"

"हात लावू नकोस. काढ. सकाळी होतं तस्सं कर."

नोकरी लागल्यापासून योगेशने पहिल्यांदाच चूक शोधायच्या ऐवजी बसवून दिली. बजरंगरावांनी पोटभर ट्रॉली पाहिली आणि चहा संपवून उठले.

"आमच्या सगळ्या ट्रॉल्यांची ड्रॉइंगं आता तुमच्याकडं. खरं सांगू का साहेब? पोरगा म्हणला दुसऱ्याला काम देऊ, म्हणून नको म्हणायलाच फोन करत व्हतो. फोन लागंना. आन् हितं आलो तर वहिनींनी चहा टाकला. तोंडावर नको कसं म्हणायचं?"

ते गेले. राधाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. योगेश टेलिफोनची तार काढायला खाली वाकला.

"राहू दे, राहू दे. नेट पुन्हा लाव," दत्तप्रसाद घाईने म्हणाले. "ते लोणीला पोचून मुलाशी बोलतील. आज रात्रभर फोन एंगेजच बरा."