श्रावणी सोमवारचा नरभक्षक

“असा माणूस खाईन, असा माणूस खाईन, की बघणाऱ्याच्या घशाखाली आठ दिवस घास उतरणार नाही!” गोकुळदासने डिचोलीच्या भरबाजारात जाहीर केलं. तीस वर्षं जत्रेच्या नाटकांत राजे रंगवलेला गडी तो, आता चक्क सिनेमात! बर्फात अडकलेली सरहद्दीवरची लष्करी चौकी, शिधा संपलेला, आणि भुकेने पिसाळलेला कप्तान आपल्याच शिपायांना खातो, असा तो भयपट. कप्तान गोकुळदास! आपल्या गावात, लाटंबार्शात, प्रत्येकाला त्याने हे दोनदा सांगितलं होतं. आता सगळा इज्जतीचा प्रश्न होता.

चौकी उभारली होती बंद पडलेल्या खाणीच्या शेडमध्ये. बर्फ कापसाचा. घोळ झाला तो तारखेचा. माणूस खायचा प्रसंग नेमका श्रावणी सोमवारी, आणि माणसाचं मांस म्हणून आणणार होते मटण!

“माणूस खावा, हत्ती खावा, माका काय त्याचा!” बायको, सत्यवती, कडाडली. “पण सोमवारी मटण तोंडात घातलात, तर घरात पाय ठेवूक दिवचंय नाय!”

गोकुळदासने मुंबईहून आलेल्या दिग्दर्शकाला, योगेशला गाठलं. “साहेब, माणूस शाकाहारी करता येईल?”

“काका, तुम्ही नरभक्षक आहात!”

“आहे ना! पण सोमवारी नाही.”

शेवटी ठरलं, माणूस सत्यवती रांधून देईल. श्रावणात मटणाची हौस आमच्याकडे भागवतात ती अळम्यांवर, पावसात वारुळांवर उगवणाऱ्या रानातल्या अळंब्यांवर. तिने ती भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात अशी शिजवली, की सेटवर डबा उघडताच लाइटवाले शिड्यांवरून खाली उतरले.

“ॲक्शन!”

कप्तानाने रडत, ओकारी आवरत पहिला घास घ्यायचा होता. गोकुळदास रडलाही छान. पण घास जिभेवर पडला आणि त्याचे डोळे सुखाने मिटले. मग दुसरा घास. तिसरा. मग त्याने बोटं चाटली.

“कट! काका, तो तुमचा जिवलग दोस्त आहे!”

“माहीत आहे हो. पण काय चवीचा झालाय!”

पुढच्या खेपेला त्याने पाव मागितला.

सहाव्या खेपेनंतर कप्तानाचा कोट शिपाई झालेल्या सुदेशच्या अंगावर गेला आणि गोकुळदासची बदली प्रेताच्या जागी झाली. तेही जमेना! आपल्या बायकोच्या हातची अळमी दुसरा ओरपतोय हे बघून प्रेत आवंढे गिळू लागलं. योगेशने त्याच्यावर डोक्यापासून घोंगडी घातली.

हे घरी सांगायची छाती गोकुळदासला शेवटपर्यंत झाली नाही.

सिनेमा लागला. गाव दोन मिनीबस भरून आलं. तास उलटला तरी कप्तान म्हणून सुदेशच! सगळे वळूनवळून गोकुळदासकडे बघू लागले. तो खुर्चीत खाली खाली सरकत गेला. एवढ्यात पडद्यावर घोंगडी आली आणि तिच्याबाहेर दोन पावलं.

थेटर चिडीचूप. आणि त्या शांततेत सत्यवतीचा आवाज घुमला:

“अगे, ह्ये आमच्या ह्यांचे पाय! तरी मी सांगत होतंय, नखां कापा म्हणून!”