गरम पाण्याची पिशवी

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मी आठवीतच शाळा सोडली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. (पंक्चर काढायला जोडाक्षरं लागत नाहीत.)

आई गेली त्याला चार महिने झाले होते. तेव्हापासून बाबांकडे दोनच शब्द उरले होते. "बाबा, जेवताय ना?" हो. "ताट आणू?" ठेव. मला तिसरा शब्द हवा होता. शिवीसुद्धा चालली असती.

मला एक नाद आहे. घरातल्या वस्तू मांडायच्या, फोनवर फोटो काढायचा, मागचं सगळं पुसून टाकायचं, सावल्या इकडच्या तिकडे करायच्या. मग किसणीची इमारत होते. आई विचारायची, "ही झारी की हत्ती?" मी म्हणायचो, "दोन्ही." ती म्हणायची, "मग सोंडेला गंज लागलाय बघ."

एका सकाळी दुकानात जायच्या आधी मी आईची गुलाबी, गरम पाण्याची रबरी पिशवी काढली. तिच्या स्वेटरची दोन बटणं म्हणजे डोळे. बटणं घसरायला लागली, म्हणून टाचण्यांनी पिशवीला टोचली. खाली बुटांचा ब्रश, मिशी. वर पिशवीचं बूच, टोपी. हुबेहूब बाबा! निदान "हे काय?" तरी म्हणतील. पण गुलाबी बाबा बरे दिसेनात, म्हणून चित्र काळं-पांढरं केलं. समोर जाऊन दाखवायची लाज वाटली, म्हणून घरच्या ग्रुपवर टाकलं. खाली काही लिहिलं नाही (चुका होतात) आणि दुकानात गेलो.

एक सांगायचं राहिलं. आमच्या ग्रुपवर काळा-पांढरा फोटो कुणी गेलं तरच पडतो, आणि खाली कुणी काही लिहीत नाही. शेवटचा आईचा होता. तो मीच टाकला होता.

दुपारी घरी आलो तर दारात चपलांचा ढीग. आत आत्या बाबांचा दंड चाचपत होती.

"दादा, तू आहेस?"

"हो," बाबा म्हणाले.

"मेल्या!" हे मला. "अख्ख्या बसमध्ये रडत आले मी!"

काका भिंतीला टेकले होते. "मी साहेबांना सांगितलं, सख्खा भाऊ गेला. आता उद्या काय सांगू?"

"चुलत सांग," आत्या म्हणाली.

"पण मिशी तीच होती गं. चेहरा फुगलेला वाटला. म्हटलं, शेवटी सूज आली असेल."

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. बाबांनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो उलटा धरला. सरळ करायला गेलो, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. उलट्या चित्रात मिशी कपाळावर जाऊन केस झाली होती आणि बुचाची मान झाली होती.

"ही तुझी आई," बाबा म्हणाले.

आत्याने पुन्हा रुमाल काढला.

संध्याकाळी बाबांनी ती पिशवी मागितली. मी कढत पाणी भरून दिली. पोटाशी धरून, भिंतीकडे तोंड करून ते आडवे झाले. थोड्या वेळाने बघतो तर चादर ओली. बाबा रडताहेत असं समजून मी दारातच थांबलो. (इतकं कुणी रडत नाही, हे उशिरा लक्षात आलं.) टाचण्या मी पार विसरलो होतो.

बाबा निथळत उठले. "जगाची पंक्चरं काढतोस, आणि घरातल्या एका पिशवीला भोकं पाडतोस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी दुकानात नेली. बाबा मागोमाग आले आणि बाकावर बसले. मी रबर घासलं, सोल्युशन लावलं, दोन ठिगळं चिकटवली, पिशवीत हवा भरून ती बादलीत बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. पुसून बाबांना दिली. त्यांनी ती बराच वेळ नाकाशी धरली.

"तिचा वास गेला," ते म्हणाले. "आता तुझा येतोय."

"नवी आणू का, बाबा?"

"राहू दे." त्यांनी ती पोटाशी धरली.

तेवढ्यात सायकल ढकलत एक गिऱ्हाईक आलं. बाबा त्याला म्हणाले, "नीट बघून घ्या. हा भोकं आधी पाडतो, मग बुजवतो."

गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलं. मी शब्द मोजत बसलो. नऊ होते.